कीमझेचा ज्वालामुखी

मुक्ताचे वडील मला पहिल्यांदा भेटले ते मोबाइलच्या पडद्यावर, आणि तेही कपाळापासून वर. लोणारच्या घरात त्यांनी फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला होता. त्यामुळे एक रुंद कपाळ आणि त्यामागे फिरणारा पंखा एवढ्याच दोन गोष्टींशी मी अर्धा तास अदबीने बोललो. मी तेव्हा म्युनिकजवळ गार्चिंगला डॉक्टरेट करत होतो. माझा विषय होता धातूंचे अतिशय पातळ थर. ते इतके पातळ असायचे की डोळ्यांना दिसायचे नाहीत, आणि माझं कामही साधारण तसंच होतं. मुक्ता शेजारच्या इमारतीतल्या संस्थेत होती. आम्हा दोघांचं ठरलं होतं. आता फक्त तिच्या वडिलांचं ठरायचं होतं. त्यांना सगळा गाव मापारी सर म्हणायचा, म्हणून मीही सर म्हणू लागलो. लोणारच्या शाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं भूगोल शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावरही तो थांबवलेला नव्हता.

कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून शेजारी बसलेली मुक्ता उठून स्वयंपाकघरात गेली, आणि मी त्या कपाळाबरोबर एकटा उरलो. आयुष्यातल्या बहुतेक चुका मी अशाच तीन-चार मिनिटांच्या मोकळ्या वेळात केल्या आहेत.

"तुमच्या तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" सरांनी विचारलं.

माणूस लोणारचा, तेव्हा सरोवराचं काही काढावं म्हणजे आपलेपणा वाटेल, असा मी हिशेब केला. समोरच्या भिंतीवर बेकरीने फुकट दिलेलं कॅलेंडर होतं. मार्चच्या पानावर निळं पाणी, मागे डोंगर, मध्ये एक हिरवं बेट आणि त्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट.

"सर, आमच्याकडेही तुमच्यासारखंच सरोवर आहे. ज्वालामुखीचं."

कपाळ हललं नाही. पंखा फिरत राहिला.

"लोणार ज्वालामुखीचं नाही," सर म्हणाले. "उल्का पडून झालेलं आहे."

इथे शहाण्या माणसाने माफी मागून हवापाण्याकडे वळायचं असतं. मी म्हणालो, "हो हो, तुमचं उल्केचंच. मी म्हणतोय, आमचं ज्वालामुखीचं आहे. कीमझे नाव. मध्ये बेट, बेटावर हजार-बाराशे वर्षांचा मठ. बायकांचा. बेटाचं नावच बायकांचं बेट." यातलं नावापासून पुढचं सगळं खरं होतं, कॅलेंडरच्या त्याच पानावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. खोट्याला खऱ्याचा टेकू दिला की ते किती ताठ उभं राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुम्ही पाहिलंय?"

"दोनदा."

मी एकदाही पाहिलं नव्हतं. आता कपाळ खाली झुकलं, भुवया आल्या, मग चष्मा, मग सगळा चेहरा आला. चेहरा आनंदलेला होता. "मग आम्ही आलो की जाऊ," सर म्हणाले. "आमच्या शाळेत खडकांचं कपाट आहे. त्यात परदेशातला ज्वालामुखीचा खडक नाही."

मुक्ता परत आली तेव्हा मी हात हलवून निरोप देत होतो. "काय म्हणाले बाबा?" तिने विचारलं. "खूश झाले," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

खरी गोष्ट मी तिला आठवड्याने सांगितली. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि मला तिच्या चुलत बहिणीला आलेल्या एका स्थळाची हकीकत ऐकवली. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती. बोलता बोलता तो म्हणाला, मी कळसूबाई चढलोय. सरांनी विचारलं, वर देऊळ कोणाचं आहे? मुलगा म्हणाला, महादेवाचं. सरांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि घरी येऊन सांगितलं, नको.

"चढला नव्हता म्हणून नाही," मुक्ता म्हणाली. "बाबा स्वतः सुद्धा चढलेले नाहीत. चढलो म्हणाला म्हणून. तू आजच फोन करून सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

जर्मनीत राहून मी एक गोष्ट शिकलो होतो. प्रत्येक कामाला टेर्मीन, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, लागते. मी स्वतःलाच टेर्मीन देत गेलो. व्हिसा आला की सांगू. विमानतळावर सांगू. दोन दिवस आराम झाला की सांगू.

ते दोघं आले आणि मुक्ताच्या एका खोलीचं घर झालं. आज मागे वळून पाहताना मला त्या उन्हाळ्यातलं सरोवर नंतर आठवतं, आधी ती खोली आठवते. काकूंनी, म्हणजे मुक्ताच्या आईने, सामानातून लोखंडी तवा आणला होता. ज्वारीचं पीठ, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी तर होतीच. काचेच्या शेगडीवर तो तवा ठेवताना मुक्ताचा जीव वर-खाली व्हायचा. भाकरी फुगली की छताला चिकटवलेला धुराचा अलार्म ओरडायचा, मग सर वर्तमानपत्राने त्याला वारा घालायचे, आणि काकू त्या आवाजाला न जुमानता पुढची भाकरी थापायच्या. थाप, थाप, थाप, अगदी एका लयीत. पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरचे वयस्क गृहस्थ वर आले. रविवारी रुहेत्साइट असते, शांततेची वेळ, हे त्यांना सांगायचं होतं. काकूंना जर्मन येत नव्हतं आणि दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणंही येत नव्हतं. त्यांनी अर्धी भाकरी आणि वर ठेच्याचा गोळा त्यांच्या हातात दिला. गृहस्थांनी तिथेच घास घेतला. त्यांचे डोळे भरून आले, ते काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला वाटतं, काही दिवस त्यांना बोलताच येत नसावं.

या घरात मी रोज संध्याकाळी जेवायला जायचो आणि रोज सांगायचं राहून जायचं. काकू मला "ओंकार, अजून घे, लाजू नको लेकरा" म्हणत वाढायच्या. तोंडात भाकरी असताना कबुलीजबाब देता येत नाही, ही सबब आजही मला बऱ्यापैकी वाटते. सर मला अहो-जाहोच करत. ते जेवताना शांत असत आणि मध्येच विचारत, "बेसाल्ट काठावरच मिळेल ना? की बेटावर जावं लागेल?"

"बेटावर, सर."

मुक्ता टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची. तिची टाच चांगलीच टणक होती, आणि कदाचित त्यावरूनच मला पुढची कल्पना सुचली. सरोवराला जायच्या आदल्या दिवशी मी दुकानातून एक प्युमिस विकत घेतला. टाचा घासायचा करडा दगड, ज्वालामुखीतून निघालेला, अंगभर बारीक छिद्रं. त्याला अडकवायची दोरी होती ती मी कापून टाकली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी कोणाला खोटा दगड देत नव्हतो, खरा ज्वालामुखीजन्य दगड देत होतो. फक्त तो सापडायची जागा मी ठरवणार होतो. एवढं शिकलेल्या माणसाला एवढा मूर्खपणा एकट्याने सुचावा याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी उबानने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, म्युनिक, तिथून रेल्वेने प्रीन, आणि तिथून बोटीच्या धक्क्यापर्यंत एक इटुकली हिरवी आगगाडी, असा प्रवास. गाडीतच सरांनी खिडकीबाहेरच्या डोंगरांचा फोटो काढून त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आज ज्वालामुखीजन्य सरोवर. नमुना आणत आहे." माझ्या खिशात तो नमुना होता. बोटीवर वारा होता. काकूंनी पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचला. पाणी कॅलेंडरपेक्षा निळं होतं, दक्षिणेला आल्प्स उभे होते, आणि सर कठड्याला धरून त्या डोंगरांकडे बघत होते. वर्गात न अभ्यास केलेल्या मुलाकडे बघावं, तसं.

"या बाजूला कडा नाही," ते म्हणाले.

"कशाची, सर?"

"ज्वालामुखीच्या मुखाची. लोणारला चारी बाजूंनी कडा आहे. इथे एकीकडे डोंगर, तीन बाजूंना सपाट शेतं."

"झिजली असेल," मी म्हणालो. मुक्ता बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

बेट फारच सुंदर निघालं, याचंही मला जरा वाईट वाटलं. सुंदर जागी माणसाला आपला हलकेपणा जास्त टोचतो. गाड्या नाहीत, रुंद रस्ते नाहीत. कोळ्यांची घरं, अंगणात वाळत घातलेली जाळी, धुरावर भाजल्या जाणाऱ्या माशांचा वास, कुंपणाबाहेर ओणवलेली फुलं, एका दारात नुकतीच भट्टीतून काढलेली मातीची भांडी. या बेटावर पूर्वी चित्रकार येऊन राहायचे, आणि त्यातले काही परत गेलेच नाहीत. ते मठाच्या देवळामागच्या दफनभूमीत आहेत, कोळ्यांच्या शेजारी. काकूंनी देवळाच्या दारात चपला काढल्या. बाकी कोणीच काढल्या नव्हत्या. एक म्हातारी जोगीण आतून आली, तिने त्या एकट्या चपलांकडे पाहिलं, वाकून त्या जोडीने नीट भिंतीला लावल्या आणि काकूंसाठी दार धरून उभी राहिली. दोघी एकमेकींना काहीतरी म्हणाल्या, एक मराठीत आणि एक बव्हेरियनमध्ये, आणि दोघींनीही मान डोलावली. काकू आत प्रदक्षिणेची वाट शोधत असताना मी "जरा आलोच" म्हणून निसटलो.

बेटाच्या टोकाला, लव्हाळ्यापाशी, पाण्याच्या कडेला मी दगड ठेवला. थोडा मागे सरकून पाहिलं. नैसर्गिक दिसत होता. मग परत जाऊन तिघांना घेऊन आलो. "सर, या बाजूला काही सापडतंय का बघू," असं मी म्हणालो ते इतक्या सहजपणे की मला स्वतःलाच आशा वाटू लागली.

सर वाकून काठावरचे गोटे उचलू लागले. पांढरे, राखाडी, घासून गुळगुळीत. "चुनखडक," ते म्हणाले. दुसरा उचलला. "हाही चुनखडक." तिसरा. "ओंकार, हे गोटे डोंगरातून वाहत आलेले आहेत."

"पुढे बघा ना, सर. त्या लव्हाळ्याकडे."

त्याच वेळी धक्क्यावरून एक बोट परत निघाली होती. ती वळली, तिच्या मागच्या लाटा रांगेने काठाला आल्या, आणि त्यांतली एक माझा दगड उचलून घेऊन गेली. एका गोष्टीचा विचार करायचा माझ्याकडून राहून गेला होता. मी धातूंवर संशोधन करत होतो, घनता हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरत होतो, पण प्युमिस पाण्यावर तरंगतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दगड डुलत डुलत निघाला. एका बदकाने त्याला चोच मारून पाहिली.

"अहो," काकू म्हणाल्या, "दगड तरंगून राहिला पाहा."

सरांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. दगड हातात घेऊन परत आले. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि एका बाजूने आकाशाकडे धरून त्यातून पाहिलं.

"याला भोक आहे."

"वायूचे बुडबुडे, सर," मी म्हणालो. "लाव्हा थंड होताना."

"आरपार? पेन्सिलीसारखं सरळ?"

काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि अंगठ्याने चोळला. "हा टाचा घासायचा आहे," त्या म्हणाल्या. "काऊन रे ओंकार, इथल्या दुकानातला का?"

मी हो म्हणालो. त्यापुढे सगळं सांगितलं. कॅलेंडर, दोनदा, बेटावर बेसाल्ट, दोरी कापली तेही. एका माणसाने ओल्या पायांनी उभं राहून ऐकलं आणि मी कोरड्या पायांनी उभं राहून सांगितलं. आजही मला त्या दृश्यात चुकीच्या माणसाचे पाय भिजलेले दिसतात.

सर टेकाडावरच्या जुन्या लिंडेन झाडाखालच्या बाकावर जाऊन बसले. मुक्ताने त्यांना रुमाल दिला. त्यांनी पाय पुसले, एकेक बोट वेगळं करून. कळसूबाईवाल्या मुलाने चहा संपेपर्यंत वाट पाहिली असेल तशी मी वाट पाहत राहिलो.

"मला राग याचा नाही की तुम्ही थाप मारली," शेवटी ते म्हणाले. "माझ्या वर्गात रोज मारायचे. माझ्याकडे नकाशांची पुस्तकं आहेत, फोन आहे. पाच मिनिटांत कळलं असतं की हे सरोवर हिमनदीने कोरलेलं आहे. लोणारला एखादा पाहुणा येऊन काही बोलला तर मी लगेच पुस्तक उघडून पडताळतो. तुमचं पडताळलं नाही."

"का नाही?" काकूंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"घरातल्या माणसाने सांगितलेलं कोणी पडताळतं का?"

मुक्ता एकदम डोंगरांकडे बघायला लागली. म्हणजे त्या कपाळाने आणि पंख्याने मला पहिल्याच दिवशी होकार दिला होता, आणि मी इतके महिने खोटं बोलून जे मिळवायला बघत होतो ते माझ्याकडे आधीपासून होतं. आत्तापर्यंत होतं. त्यानंतर मी आयुष्यात बरंच काही गमावलं, पण हातात आहे हे न कळता गमावल्याची तेवढी एकच वेळ.

सरांनी चष्मा लावला आणि फोन काढला. ग्रुपवर तोवर विद्यार्थ्यांचे नमस्कार आणि अंगठे येऊन पडले होते. एकाने लिहिलं होतं, "सर, नमुना कपाटात वरच्या फळीवर ठेवू." सर एका बोटाने टाइप करू लागले आणि टाइप करताना मोठ्याने वाचत होते. "माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली."

"तुमच्याकडून नाही, सर. माझ्याकडून."

"ग्रुपमध्ये तुम्ही नाही. मी आहे."

"मग मला ग्रुपमध्ये घ्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खाली कुठेतरी मठाची घंटा वाजून थांबली. मग त्यांनी मला ग्रुपमध्ये घेतलं. मी उभ्या उभ्या लिहिलं: माझं नाव ओंकार. कीमझे हे ज्वालामुखीचं सरोवर आहे असं मी सरांना सांगितलं, ते खोटं आहे. मी ते आधी कधी पाहिलेलंही नव्हतं. ते हिमनदीने तयार झालं आहे. नमुना म्हणून मी टाचा घासायचा दगड काठावर ठेवला होता, तो सरांनी ओळखला. (तो काकूंनी ओळखला होता. पण त्या दिवशी आणखी एक दुरुस्ती करायची माझ्यात ताकद नव्हती. ती आता करतो.)

ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "सर, हे कोण?"

मुक्ता, काकू आणि मी, आम्ही तिघं त्या फोनवर वाकलो. सरांचं बोट अक्षरांवरून फिरत राहिलं, एकदा पुढे गेलं, मागे आलं. मग त्यांनी एकच शब्द पाठवला: "परीक्षार्थी."

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे नापास झाला आहे," सर म्हणाले. "ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं." आणि त्यांनी मोजे घालायला घेतले. काकूंनी डब्यातून दशम्या काढल्या आणि पहिली मला दिली. सरांनी ते पाहिलं, पण हरकत घेतली नाही.

ऑक्टोबरात मुक्ता आणि मी लोणारला गेलो. मला वाटलं होतं, ती बोलण्याची पद्धत आहे. गाडीतून उतरून आंघोळ करून बाहेर आलो तर बैठकीत टेबल मांडलेलं, त्यावर पुरवण्या, पट्टी आणि सरांच्या हस्ताक्षरातली शंभर गुणांची प्रश्नपत्रिका. काकूंनी चहा आणला तर सर म्हणाले, पेपर संपल्यावर. पहिला प्रश्न, भौगोलिक कारणे लिहा: कीमझेच्या काठी बेसाल्ट सापडत नाही. दुसरा, फरक स्पष्ट करा: उल्काघाती सरोवर आणि ज्वालामुखी सरोवर. तिसरा, टीप लिहा: हिमनदीचे खननकार्य. चौथ्यात जर्मनीच्या आराखड्यात खरी ज्वालामुखी सरोवरं दाखवायची होती. ती पश्चिमेला आयफेलच्या डोंगरांत आहेत आणि त्यांत मला हवं तसं बेट नाही, एवढं मला येत होतं, पण मी ती जरा जास्तच उत्तरेला काढली. शेवटचा प्रश्न, विधान चूक की बरोबर ते सांगून चुकीचे विधान दुरुस्त करा: "परीक्षार्थीने जर्मनीतील बहुतेक ठिकाणे पाहिली आहेत."

मी लिहिलं, चूक. आणि खाली, खरोखर पाहिलेल्या ठिकाणांची यादी केली. ती अकरा भरली. त्यात दोन नुसती रेल्वे स्थानकं होती. तसं कंसात नमूद केलं.

सर पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मुक्ता माझ्या शेजारी बसून नखं खात होती. आतून लाल पेनचा आवाज येत नव्हता, पण मला तो ऐकू येत होता. ते बाहेर आले तेव्हा पेपर काकूंच्या हातात दिला, माझ्या नाही. काकूंनी चष्म्याशिवायच गुण वाचले आणि देवापुढे साखर ठेवायला उठल्या.

पस्तीस. त्यातले तीन कृपागुण आहेत, असं मुक्ता आजही पाहुण्यांना सांगते.